‘ए’ की ‘श्ता’? पोर्तुगीज व्याकरण, मराठीतून सरळ

(हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी घेतलेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि दोनदा वाजलेली दारावरची बेल काढून टाकली आहे. पोर्तुगीज शब्द देवनागरीतच लिहिले आहेत आणि लिस्बनमध्ये जसे ऐकू येतात तसे. देवनागरीत शंभर टक्के उच्चार उतरत नाही, त्यामुळे ऐकणं मस्ट आहे. कानाला हेडफोन लावा आणि सोबत वाचा.)

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. ‘दादा, तीन महिन्यांनी पोर्तुगालला निघायचंय, नोकरी इंग्लिशमध्येच आहे, तरी पोर्तुगीज शिकू का? आणि शिकायचं तर व्याकरण कुठून सुरू करू?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी इथे आलो तेव्हा ‘काही गरज नाही’ असं दिलं असतं. ऑफिसमध्ये स्टँडअप इंग्लिशमध्ये, कोड इंग्लिशमध्ये, कॅफेवाल्यालाही इंग्लिश येतं. पहिलं दीड वर्ष मी ‘बों दीया’ आणि ‘ओब्रिगादु’ या दोन शब्दांवर काढलं. लाज वाटते सांगायला, पण काढलं.

मग एका रात्री बायकोला थंडी वाजून ताप भरला आणि कमरेत एका बाजूला प्रचंड दुखायला लागलं. मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक नर्स, शांत आवाज, भराभर पोर्तुगीज. मी घाईघाईत फोनमधल्या ॲपवर शिकलेलं पहिलं वाक्य जुळवलं: ‘एला ए दुएंत.’ ती आजारी आहे. माझ्या मते परफेक्ट वाक्य. एला म्हणजे ती, ए म्हणजे आहे, दुएंत म्हणजे आजारी.

नर्सने विचारलं, कुठला आजार आहे? किती वर्षांपासून? कुठली औषधं चालू आहेत? मला अर्धं कळत होतं आणि जे कळत होतं ते विचित्र वाटत होतं. वर्षांपासून कसं, आत्ता संध्याकाळी तर ठीक होती! पाच-सात मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्या पेशंटबद्दल बोलत होतो. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंना उठवलं. सत्तरीच्या आहेत, गाऊनवरच खाली आल्या, फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘एला श्ता दुएंत.’ फक्त एक शब्द बदलला. पुढच्या दोन मिनिटांत कुठल्या इमर्जन्सीला जायचं ते ठरलं. किडनीला इन्फेक्शन झालं होतं. आता ती ठणठणीत आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं पोर्तुगीज बोलते.

म्हणून आज व्याकरण. आणि माझा एकच आग्रह आहे: पोर्तुगीज इंग्लिशमधून शिकू नका. ॲप इंग्लिशमधून शिकवतं, यूट्यूब इंग्लिशमधून शिकवतं, ते वापरा. पण डोक्यातलं भाषांतर मराठीतून करा. बऱ्याच ठिकाणी रस्ता सरळ आहे, आपण उगाच व्हाया लंडन जातो.

दोन ‘आहे’

त्या रात्रीच्या चुकीपासूनच सुरू करू. पोर्तुगीजमध्ये ‘असणे’ला दोन क्रियापदं आहेत, सेर आणि श्तार. लिहिताना दुसऱ्याच्या सुरुवातीला ‘ए’ असतो, पण लिस्बनमध्ये तो जवळजवळ गिळतात.

सेर: मी सो, तू एश, तो किंवा ती ए, आम्ही सोमुश, ते साँव. श्तार: मी श्तो, तू श्ताश, तो किंवा ती श्ता, आम्ही श्तामुश, ते श्ताँव. ही दहा रूपं पाठ करायची, याला शॉर्टकट नाही. बसमध्ये पाठ करा, आंघोळ करताना करा.

आता कधी कुठलं? सगळीकडे एकच नियम सांगतात: कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर श्तार. हा नियम पहिल्या आठवड्यापुरता ठीक आहे, नंतर दगा देतो. सगळ्यात मोठं उदाहरण मृत्यूचं. ‘तो मेलेला आहे’ हे ‘एल श्ता मोर्तु’ असं होतं. श्तार! आता मरणापेक्षा कायमचं काय असतं? उलट ‘तीन वाजलेत’ याला सेर लागतं, ‘साँव त्रेश ओराश’, आणि तीन तर साठ मिनिटांत चार होतात.

मला उपयोगी पडलं ते असं. सेर म्हणजे ती वस्तू किंवा व्यक्ती कोण आहे, कशी आहे, तिची जात काय. श्तार म्हणजे ती आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, कशी झालीये. मेलेपण ही अवस्था आहे, काहीतरी होऊन माणूस त्या अवस्थेत पोचलाय, म्हणून श्तार. आणि इथे मराठी कामाला येते, कारण आपल्याकडेही हा फरक आहे, फक्त आपलं लक्ष जात नाही. ‘इथलं सूप चांगलं असतं’ आणि ‘आज सूप चांगलं झालंय’. पहिलं म्हणजे ‘आ सोपा ए बोआ’, दुसरं म्हणजे ‘आ सोपा श्ता बोआ’. इंग्लिशमध्ये दोन्हीकडे तोच ‘इज’. आणि आता माझं वाक्य परत बघा. ‘ती आजारी असते’ आणि ‘ती आजारी आहे’. मी नर्सला सांगितलं की ती आजारी असते! मग ती बिचारी वर्षं विचारणार नाही तर काय करणार.

एक सावधगिरी: ‘असते’ची चाचणी प्रत्येक वेळी चालत नाही. ‘लिस्बन सुंदर आहे’ला सेर लागतं, पण मराठीत आपण ‘लिस्बन सुंदर असतं’ म्हणत नाही. मग तिथे ‘झालंय’ लावून बघायचं. ‘लिस्बन सुंदर झालंय’ म्हटल्यावर अर्थ बदलला ना? मग सेर. ‘मी दमलोय’, ‘दार उघडं राहिलंय’, ‘चहा गार झालाय’ या सगळ्या झालेल्या गोष्टी आहेत, म्हणजे श्तार.

माणूस किंवा फिरती वस्तू कुठे आहे हे सांगायला श्तार. पण दुकान, स्टेशन, गाव असं जागचं न हलणारं काही असेल तर ‘फीका’ वापरा. ‘ओंद फीका आ फार्मासिया?’ म्हणजे मेडिकल कुठे आहे? हे वाक्य आत्ताच सेव्ह करा.

धंदा सांगायला सेर, आणि मध्ये काहीही घालायचं नाही. मी म्हणतो ‘सो एंझन्यैरु’, बायको म्हणते ‘सो एंझन्यैरा’. इंग्लिशमधून येणारे मध्ये हमखास ‘उं’ म्हणजे ‘एक’ कोंबतात. आपण ‘मी एक इंजिनिअर आहे’ म्हणतो का? भाषणात म्हणतो फार तर.

तो बटाटा नाही, ती बटाटा

लिंग. इंग्लिशवाले इथे रडतात, टेबलाला लिंग का असावं वगैरे. आपल्याला काय नवल! आपल्याकडे तर तीन आहेत, इथे दोनच. नपुंसकलिंग नाही. पुल्लिंगी नामाच्या आधी ‘उ’, स्त्रीलिंगीच्या आधी ‘आ’, अनेकवचनात ‘उश’ आणि ‘आश’. नवीन शब्द पाठ करताना हा उ किंवा आ लावूनच पाठ करा. ‘मेझा’ नाही, ‘आ मेझा’.

पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर किती वर्षं होते! गोव्यात १९६१ पर्यंत, वसईत १७३९ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत. त्यामुळे घरात रोज वापरतो ते कितीतरी शब्द त्यांचेच आहेत आणि त्यावर लिंगाचा सराव फुकटात होतो. आपला पाव म्हणजे ‘उ पाँव’, साबण म्हणजे ‘उ साबाँव’, लिलाव म्हणजे ‘उ लैलाँव’, काजू म्हणजे ‘उ काझु’. चावी म्हणजे ‘आ शाव’, फीत म्हणजे ‘आ फीता’. इथपर्यंत लिंगं जुळली. पण बटाटा? ‘आ बाताता’. स्त्रीलिंगी! बादली उलटी, ‘उ बाल्द’, पुल्लिंगी. आणि घमेलं ज्यावरून आलं तो ‘गामेला’ स्त्रीलिंगी, कारण ‘ते’ला जागाच नाही. पेरूची तर वेगळीच गंमत, ‘आ पेरा’ म्हणजे इथे नासपती. मी बाजारात पेरू म्हणून मागितले आणि घरी नासपती घेऊन आलो, पण तो व्याकरणाचा विषय नाही.

साधारण नियम असा की शेवटी ‘उ’ ऐकू आला तर पुल्लिंगी, ‘आ’ ऐकू आला तर स्त्रीलिंगी. अपवादांमध्ये आमच्या धंद्याचे सगळे शब्द आहेत: उ प्रुब्लेमा, उ सिश्तेमा, उ प्रुग्रामा. हे ग्रीकमधून आलेले शब्द, शेवटी ‘मा’ असूनही पुल्लिंगी. ‘उ दीया’, म्हणजे दिवस, हाही पुल्लिंगी; त्यासाठी लक्षात ठेवायला सोपं, तो दिवस. आणि म्हणूनच ‘बों दीया’, बोआ नाही.

आता ज्याने खरंच मजा आली ते. ‘माझा’. मराठीत ‘माझा साबण’, ‘माझी चावी’. वस्तूप्रमाणे बदलतं, मालकाप्रमाणे नाही. पोर्तुगीजमध्ये अगदी तेच: ‘उ मेउ साबाँव’, ‘आ मिन्या शाव’. माझ्यासोबत क्लासमध्ये एक आयरिश मुलगा होता, तो मुलगा असल्यामुळे सगळीकडे ‘मेउ’ लावायचा. त्याला समजवायला बाईंना दोन तास लागले. मी मागे बसून मनात माझा-माझी-माझे म्हणत होतो.

विशेषणंही नामाप्रमाणे बदलतात, चांगला-चांगली सारखी. बुनीतु, बुनीता. आणि काही ‘सुंदर’सारखी लिंगाप्रमाणे न बदलणारी, जसं ‘ग्रांद’ म्हणजे मोठा, मोठी. दुएंत पण तसंच, म्हणून पुरुष असो वा बाई, दुएंतच. एक फरक आहे, विशेषण सहसा नामाच्या नंतर येतं: घर पांढरं, ‘कासा ब्रांका’. कवितेत बोलल्यासारखं वाटतं सुरुवातीला, मग सवय होते.

आणि धन्यवाद! पुरुषाने ‘ओब्रिगादु’, बाईने ‘ओब्रिगादा’. समोर कोण आहे याचा काही संबंध नाही, बोलणारा कोण ते बघायचं. ‘मी आलो’, ‘मी आले’ तसं. हे भारतातून आलेल्या कितीतरी जणांना माहीत नसतं. समोरची कॅशियर ओब्रिगादा म्हणते म्हणून तेही ओब्रिगादा म्हणतात.

क्रियापद

इथे मी पटापट जातो, कारण तक्ते तुम्हाला कुठल्याही ॲपमध्ये मिळतील. तीन गट आहेत, शेवटी आर, एर आणि ईर असलेले. पहिला गट सगळ्यात मोठा. फालार, म्हणजे बोलणे: फालु, फालाश, फाला, फालामुश, फालाँव. मी, तू, तो-ती, आम्ही, ते.

‘मी’ म्हणायची गरज नाही. ‘फालु’मध्येच मी आहे, जसं ‘येतो हं’ म्हणताना आपण मी लावत नाही. मी आधी प्रत्येक वाक्यात ‘एउ, एउ’ लावायचो, ऐकणाऱ्याला वाटायचं हा सारखा छाती बडवतोय. एक गोष्ट मराठीपेक्षा सोपी आहे: क्रियापदाला लिंग नाही. बोलतो, बोलते, दोन्ही ‘फाला’. नकार म्हणजे आधी ‘नाँव’. ‘नाँव फालु बें पुर्तुगेश’, मला नीट पोर्तुगीज येत नाही. प्रश्नासाठी शब्द हलवायचे नाहीत, फक्त आवाज वर न्यायचा, ‘जेवलास?’ म्हणतो तसा.

भविष्यकाळाचा स्वतंत्र तक्ता आत्ता सोडून द्या. ‘वो’ आणि मूळ क्रियापद: ‘वो फालार’, मी बोलणार आहे. झालं काम. भूतकाळातलं एकच सांगतो, ‘फुइ’ म्हणजे ‘मी गेलो’ही आणि ‘मी होतो’ही. दोन वेगळ्या क्रियापदांचं एकच रूप. संदर्भावरून कळतं.

ताप ‘असतो’ की ‘बाळगतात’?

इथे मात्र मराठी आडवी येते. आपल्याकडे शरीरात जे होतं ते ‘मला’ होतं. मला ताप आहे, मला भूक लागलीये, मला थंडी वाजतेय. पोर्तुगीजमध्ये या गोष्टी माणसाजवळ असतात, ‘तेर’ म्हणजे जवळ असणे. ‘तेन्यु फेब्र’, माझ्याजवळ ताप आहे. ‘तेन्यु फोम’, भूक. ‘तेन्यु फ्रीउ’, थंडी. वयसुद्धा: ‘तेन्यु विंति ओइतु आनुश’, माझ्याजवळ अठ्ठावीस वर्षं आहेत. ऐकायला श्रीमंत वाटतं. ‘सो फ्रीउ’ म्हणालात तर तुम्ही स्वतःला थंड स्वभावाचे, कोरडे म्हणताय. ‘श्ता फ्रीउ’ हे हवेबद्दल, बाहेर थंडी आहे.

पण दुखण्याला परत मराठी वळण. ‘दॉइ-म आ काबेसा’, शब्दशः दुखतंय मला डोकं. आणि पाय दुखत असतील तर क्रियापद अनेकवचनी होतं, ‘दॉएं-म आश पेर्नाश’, कारण दुखतायत ते पाय. ‘डोकं दुखतंय’, ‘पाय दुखतायत’, तंतोतंत.

आणि किती दिवसांपासून? मराठीत ‘तिला दोन दिवसांपासून ताप आहे’, वर्तमानकाळ. पोर्तुगीज: ‘तें फेब्र आ दोइज दीयाश’. वर्तमानकाळच. इंग्लिशमधला ‘हॅज हॅड’ आणायचाच नाही. डॉक्टर विचारतात ‘देज्द क्वांदु?’, म्हणजे कधीपासून. कालपासून असेल तर ‘देज्द ओंतें’.

जाता जाता, ‘श्तो कोंश्तिपादु’ म्हणजे पोर्तुगालमध्ये ‘मला सर्दी झालीये’. इंग्लिशच्या कानाने ऐकलंत तर पोटाचं काहीतरी वाटेल. माझा मॅनेजर मीटिंगमध्ये असं म्हणाला तेव्हा मला वाटलं, एवढं कशाला सांगतोय हा.

तू, तुम्ही आणि ‘साहेबांना’

मित्राला, लहान मुलाला, टीममेटला ‘तु’. अनोळखी आणि मोठ्या माणसांना ‘उ सन्योर’ किंवा ‘आ सन्योरा’, आणि क्रियापद तो-तीचं. दुकानात विचारतात, ‘उ सन्योर केर उं साकु?’ शब्दशः ‘साहेबांना पिशवी हवी का?’ समोर उभे असताना आपल्याबद्दल तिसऱ्याच माणसासारखं बोलतात. इंग्लिशवाल्यांना हे फार चमत्कारिक वाटतं. आपण मात्र ‘काकूंना अजून चहा देऊ का?’ असं काकूंनाच विचारत मोठे झालोय.

मधलं एक ‘वोसे’ आहे. ब्राझीलमध्ये ते सर्रास चालतं, पोर्तुगालमध्ये तोंडावर ‘वोसे’ म्हटलेलं काहींना खटकतं. वरच्या काकूंना मी एकदा वोसे म्हणालो, त्या काही बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावर आलं. तेव्हापासून ‘आ सन्योरा’. सोपा उपाय, वोसे हा शब्दच गाळायचा आणि क्रियापद ठेवायचं: ‘केर काफे?’

ब्राझीलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथली लोकसंख्या वीस कोटींच्या वर, पोर्तुगालची साधारण एक कोटी. त्यामुळे बहुतेक ॲप्स ब्राझीलचं पोर्तुगीज शिकवतात. व्याकरण नव्वद टक्के तेच, पण कानाला फरक मोठा. दिवसाला इथे ‘दीया’, तिथे ‘जीया’. रात्रीला इथे ‘नोइत’, तिथे ‘नोइची’. ‘मी बोलतोय’ हे इथे ‘श्तो आ फालार’, तिथे ‘इस्तो फालांदु’. कुठे जायचंय ते आधी ठरवा आणि ऐकायचं सगळं तिथलंच निवडा. मी तीन महिने ब्राझीलचं ऐकून इथल्या बसमध्ये चढलो आणि ड्रायव्हर काय म्हणतोय ते एक अक्षर कळलं नाही.

एक शेवटचा तुकडा: जोडशब्द. ‘मध्ये’साठी ‘एं’, पण पुढे उ किंवा आ आला की चिकटतो आणि नु, ना होतो. आपण ‘घर’ला ‘त’ चिकटवून ‘घरात’ करतो त्यातलाच प्रकार. गोची अशी की काही गावं-देशांना उ-आ लागतो, काहींना नाही. ‘एं लिज्बोआ’, पण ‘नु पोर्तु’. ‘एं पुर्तुगाल’, पण ‘नु ब्राझील’ आणि ‘ना ईंदिया’. गोव्याला काही नाही, ‘एं गोआ’. नियम शोधत बसू नका, ज्या पाच-सहा जागा तुम्हाला लागणार आहेत त्या पाठ करा.

तर ज्या मित्राने मेसेज केला होता, त्याच्यासाठी तीन महिन्यांचा प्लॅन. पहिला महिना फक्त सेर, श्तार, तेर आणि फालार, वर्तमानकाळ. दुसऱ्या महिन्यात उ-आसकट दोनशे नामं, त्यातली पहिली वीस तुझ्या स्वयंपाकघरातली. तिसऱ्यात भूतकाळाला हात लाव. पुढे-मागे नागरिकत्वाचा विचार केलास तर ए-टू पातळीचं पोर्तुगीज लागतं आणि त्यासाठी ‘सिप्ल’ नावाची परीक्षा असते. हे सगळं त्यात येतंच, म्हणजे अभ्यास वाया जात नाही.

आणि निघायच्या आधी एक काम कर. स्वतःचं नाव, पत्ता, वय, काय दुखतंय, कधीपासून, कुठल्या औषधाची ॲलर्जी, एवढी सहा-सात वाक्यं पोर्तुगीजमध्ये लिहून मोठ्याने म्हण आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेव. ‘श्तो दुएंत’ने सुरुवात कर. ऑडिओ मला पाठव, मी वरच्या काकूंना ऐकवतो. चुका त्या आनंदाने काढतात, माझ्या तर अजूनही काढतात.

पुढच्या भागात भूतकाळ. तोपर्यंत, आते लोगु!